मत्स्यालयांच्या संचालकांना खुले पत्र : पेंग्विनच्या काचेशेजारी गळही दाखवा

प्रति,
जगभरातील मत्स्यालयांचे संचालक, पक्षी विभागांचे प्रमुख आणि प्रदर्शनांची आखणी करणारे सर्वजण यांस,

विषय : संकटग्रस्त समुद्रपक्ष्यांविषयीची जनजागृती आणि मत्स्यालयांची जबाबदारी

स. न. वि. वि.

समुद्रपक्ष्याचे आयुष्य माणसाला नेहमी अर्धेच दिसते. कड्यावर बसलेला, लाटेवर तरंगणारा किंवा आभाळात तरंगत जाणारा पक्षी आपल्या ओळखीचा असतो; पण त्यातले कितीतरी पक्षी पोट भरतात ते पाण्याखाली जाऊन, आणि गळाला लागून किंवा जाळ्यात अडकून मरतात तेही पाण्याखालीच, किनाऱ्यापासून दूर, कोणी पाहायला नसताना. आयुष्याचा हा दुसरा अर्धा भाग सर्वसामान्य माणसाला डोळ्यांनी दाखवू शकेल अशी जागा म्हणजे तुमची काच. ती काच तुम्ही आजवर उत्तम वापरली आहे, पण पुरती वापरलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तेवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

काचेत काय ताकद आहे ते आधी सांगतो. अलास्कातील स्यूअर्ड येथे अलास्का सीलाइफ सेंटर आहे. १९८९ मध्ये एक्झॉन व्हाल्डेझ या जहाजातून झालेल्या तेलगळतीनंतर जी तडजोडीची रक्कम मिळाली, तिच्या आधारे हे केंद्र उभे राहिले आणि १९९८ मध्ये सुरू झाले. तेथील पक्षीदालनात पफिन आणि मर हे पक्षी वरूनही पाहता येतात आणि पाण्याखालूनही. मर पाण्यावर बसलेला असताना काळ्या-पांढऱ्या बदकापलीकडे त्यात काही विशेष वाटत नाही. मग तो डोके पाण्यात घालून खाली बघतो, एकदम उलटतो आणि पंख अर्धवट उघडून थेट तळाकडे निघतो. पिसांत अडकलेली हवा चंदेरी बुडबुड्यांच्या माळेने मागे सुटत राहते. पाय फक्त दिशा देतात, पोहण्याचे सगळे काम पंखच करतात. काचेशी उभ्या असलेल्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही, कारण पक्षी पाण्यातही उडतो हे त्यांना समोरच दिसत असते. मोकळ्या समुद्रात हाच पक्षी १०० मीटरहून खोल बुडी मारतो, हे ऐकल्यावर टाकीच्या तळाकडे पाहणाऱ्याची नजरच बदलते.

आता याच पक्ष्याची दुसरी गोष्ट घ्या. २०१४ ते २०१६ या काळात ईशान्य प्रशांत महासागरात उष्णतेची प्रदीर्घ लाट आली, लहान मासे कमी झाले, आणि २०१५ च्या उन्हाळ्यापासून २०१६ च्या वसंतापर्यंत किनाऱ्यांवर सुमारे ६२,००० मर पक्ष्यांची कलेवरे लागली. समुद्रात बुडालेल्यांची गणती कोण करणार? पुढे वसाहतींमधील वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासून डिसेंबर २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जो अंदाज मांडला, तो सुमारे ४० लाख पक्ष्यांचा होता, म्हणजे अलास्कातील निम्मे मर. ही जात आजही संकटग्रस्तांच्या यादीत नाही, तरी एका उष्ण लाटेत तिची ही गत होते. मग ज्यांचे मुळात काही हजारच उरले आहेत, त्यांचे काय? बुडी मारणारा मर पाहून थक्क झालेल्या माणसाला हा प्रश्न त्याच जागी, त्याच क्षणी भेटायला हवा. घरी जाऊन तो शोधत बसेल ही आशा फोल आहे.

एकूण परिस्थितीविषयी तुम्हाला मी सांगावे असे थोडेच आहे, तरी पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात लिहितो. ज्या समुद्रपक्ष्यांच्या संख्येवर नियमित लक्ष ठेवले जाते, त्यांची संख्या १९५० ते २०१० या साठ वर्षांत सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. सुमारे ३६० जातींपैकी ११० च्या आसपास जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत. वीण होणाऱ्या बेटांवर माणसाबरोबर पोहोचलेले उंदीर, मांजरे आणि इतर परके प्राणी, मासेमारीत नकळत होणारे मृत्यू, आणि हवामानातील बदल ही यामागची तीन सर्वांत मोठी कारणे आहेत.

तुमच्याकडील लोकप्रिय पक्षी म्हणजे पेंग्विन, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, म्हणजे संकटग्रस्त जातींच्या यादीत, आफ्रिकन पेंग्विनची नोंद नामशेष होण्याच्या अगदी उंबरठ्यावरच्या गटात झाली. पेंग्विनच्या १८ जातींपैकी या गटात गेलेली ही पहिलीच जात. दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया मिळून आता त्यांच्या विणीच्या १०,००० जोड्याही उरलेल्या नाहीत. हाच पक्षी जगातील अनेक मत्स्यालयांत रोज हजारो लोक पाहतात, त्याच्याबरोबर छायाचित्रे काढून घेतात, खाऊ घालण्याच्या वेळी टाळ्या वाजवतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना बाहेर पडताना एवढेही ठाऊक नसते की हा पक्षी संपत चालला आहे. पाटीवर नाव, वजन, आढळ, आहार हे सगळे असते; तळाशी कोपऱ्यात एक लाल ठिपका असतो. तो ठिपका वाचणारा प्रेक्षक मला तरी फारसा दिसलेला नाही.

ठिपका मोठा केल्याने हे सुधारणार नाही. समोर जे दिसते आहे त्यातूनच कारण सांगावे लागेल. एक उदाहरण देतो. वर्षातून एकदा पेंग्विनची सगळी पिसे एकाच वेळी झडतात. त्या काळात तो फाटक्या गोधडीत गुंडाळल्यासारखा कोपऱ्यात उभा असतो, पाण्याकडे फिरकत नाही, आणि प्रेक्षक हमखास विचारतात, “हा आजारी आहे का?” कर्मचारी हसून सांगतात की नाही, पिसे बदलतो आहे. एवढ्यावर हा संवाद थांबतो, आणि मला वाटते, इथेच सर्वांत मोठी संधी हातची जाते. कारण खरी गोष्ट याच्यापुढे आहे. नवी पिसे येईपर्यंतच्या सुमारे तीन आठवड्यांत त्याच्या अंगावर पाणी रोखणारे आवरणच नसते, त्यामुळे तो समुद्रात उतरू शकत नाही, म्हणजे खाऊही शकत नाही. हा उपास निभावायचा तर आधीच्या काही आठवड्यांत भरपूर तारली आणि अँचोव्ही खाऊन अंगावर चरबी चढवलेली असली पाहिजे. टाकीतल्या पक्ष्याला त्याआधी हवे तितके मासे बादलीतून मिळालेले असतात. समुद्रातल्या पक्ष्याला त्याच माशांसाठी पर्ससीन नौकांशी, म्हणजे मोठ्या जाळ्याने माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या नौकांशी, झगडावे लागते आणि तापत्या पाण्यामुळे दूर सरकलेल्या माशांच्या थव्यांमागे जावे लागते. मासे मिळाले नाहीत, तर तो उपास सुरू होतो आणि संपतच नाही. “आजारी आहे का?” या प्रश्नाचे हे खरे उत्तर आहे, आणि ते द्यायला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

त्याला जोडून आशेची बाजूही सांगता येते, कारण तीही खरी आहे. मार्च २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील न्यायालयाच्या आदेशाने सहा महत्त्वाच्या वसाहतींभोवतीच्या समुद्रात तारली आणि अँचोव्हीची व्यापारी मासेमारी बंद ठेवण्याचे क्षेत्र ठरले. पक्षी संघटना आणि मासेमारी उद्योग यांच्यातला बराच काळ चाललेला वाद त्यापूर्वी तडजोडीने मिटला होता. एकोणिसाव्या शतकात खतासाठी बेटांवरचा ग्वानो, म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेचा साठलेला थर, खरवडून नेल्यामुळे पेंग्विनना बीळ करायला जागा राहिली नाही आणि अंडी-पिल्ले उघड्यावर आली. आज त्या जागी प्राणिसंग्रहालये आणि मत्स्यालये यांच्या मदतीने बनवलेली, ऊन आत न शिरू देणारी कृत्रिम घरटी ठेवली जात आहेत. तसे एक घरटे तुमच्या दालनात ठेवा. मुलांना त्यात हात घालून आतला गारवा अनुभवू द्या.

मत्स्यालयांनी केवळ पाट्या लावाव्यात आणि बाकीचे काम इतरांनी करावे, असे मी मुळीच म्हणत नाही, कारण इतिहास तसा नाही. २३ जून २००० रोजी केप टाउनजवळ ट्रेझर हे जहाज बुडाले आणि त्याचे तेल रॉबेन आणि डासेन या बेटांपर्यंत पसरले. सुमारे १९,००० पेंग्विन तेलाने माखले. १९६८ पासून समुद्रपक्ष्यांना वाचवण्याचे काम करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेतील सॅनकॉब या संस्थेच्या मदतीला हजारो स्वयंसेवक आले, आणि जगभरातील प्राणिसंग्रहालये व मत्स्यालये यांनी आपली प्रशिक्षित माणसे पाठवली, कारण चावरा, घाबरलेला पेंग्विन कसा धरायचा आणि त्याच्या घशात मासा कसा उतरवायचा हे त्यांना रोजच्या सरावाने ठाऊक होते. पेंग्विनची पिसे कौलांसारखी एकमेकांवर बसलेली असतात. त्यांच्या फटीत थोडे जरी तेल शिरले तरी थंड पाणी थेट कातडीला भिडते. म्हणून कोमट पाण्यात साबण घालून एकेक पक्षी धुवायचा, डोळ्यांभोवतीचे तेल दात घासायच्या मऊ ब्रशने काढायचे, आणि पाण्याचे थेंब पिसांवरून मोत्यांसारखे घरंगळेपर्यंत धार धरायची. धुतलेल्यांपैकी बहुसंख्य वाचले. ज्यांना तेल लागलेले नव्हते अशा आणखी सुमारे १९,५०० पक्ष्यांना पकडून पोर्ट एलिझाबेथकडे नेऊन सोडले, म्हणजे ते पोहत परत येईपर्यंत समुद्र स्वच्छ करायला वेळ मिळेल. त्यांतल्या पीटर, पामेला आणि पर्सी या तिघांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रे लावली होती, आणि त्यांचा परतीचा प्रवास लोक इंटरनेटवर रोज पाहत होते. जनजागृती म्हणून मला याहून चांगले उदाहरण आठवत नाही. त्या मोहिमेत तुमच्यापैकी ज्यांचे सहकारी होते, त्यांनी ती हकीकत आपल्या दालनात सांगितली आहे का?

आता थोडे कठोर लिहितो. तुमच्या दालनांमुळे लोकांच्या मनात समुद्रपक्षी म्हणजे पेंग्विन, फार तर पफिन, असे समीकरण बसले आहे. सर्वाधिक धोक्यातले पक्षी मात्र अल्बट्रॉस, पेट्रेल आणि शिअरवॉटर या कुळांतले आहेत, आणि त्यांना टाकीत ठेवणे शक्यही नाही व उचितही नाही. साडेतीन मीटरपर्यंत पंखांचा पसारा असलेला, वर्षानुवर्षे वाऱ्यावर जगणारा पक्षी कुठल्या दालनात मावणार? कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे बे मत्स्यालयात माकाना नावाचा लेसन अल्बट्रॉस ठेवला गेला, तो पंख दुखावल्यामुळे उडू न शकणारा पक्षी होता म्हणून. त्याला प्रेक्षकांसमोर आणून कर्मचारी प्लास्टिकविषयी बोलत, आणि अल्बट्रॉस किती मोठा असतो हे तिथे हातभर अंतरावरून समजे. असा पक्षी क्वचितच मिळतो आणि मिळवण्याचा खटाटोपही कोणी करू नये. म्हणजे जो पक्षी दालनात नाही, त्याच्या वतीने बोलण्याची कला तुम्हाला शिकावी लागेल.

त्यासाठी साधने हाताशी आहेत. लांब दोरीच्या मासेमारीत नौकेच्या मागून मैलोगणती दोर सोडला जातो आणि त्याला आमिष लावलेले हजारो गळ असतात. आमिष बुडण्यापूर्वी काही क्षण पृष्ठभागाजवळ राहते. अल्बट्रॉस त्यावर झेपावतो, गळ चोचीत रुततो आणि दोर त्याला खाली ओढून नेतो. या एकाच प्रकारच्या मासेमारीत दर वर्षी किमान १,६०,००० समुद्रपक्षी मरत असल्याचा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. उपाय मात्र आश्चर्य वाटावे इतके साधे आहेत: पक्षी बुजून दूर राहावेत म्हणून नौकेच्या मागे रंगीत फडफडत्या पट्ट्यांची दोरी लावायची, गळांना वजन जोडून ते लवकर बुडवायचे, आणि दोर रात्री सोडायचा. नामिबियात पट्ट्यांची दोरी सक्तीची झाल्यानंतर तळाजवळच्या लांब दोरीच्या मासेमारीतील पक्ष्यांचे मृत्यू ९८ टक्क्यांनी घटले. नौकेच्या मागच्या भागाची एक प्रतिकृती, एक खरा गळ, एक पट्ट्यांची दोरी आणि तळाशी पाणी, एवढ्यावर असे दालन उभे राहील की ज्यात प्रेक्षक स्वतः दोर सोडून पाहील आणि पट्ट्या लावल्यावर काय बदलते ते त्याला कळेल. भिंतीवर भटक्या अल्बट्रॉसच्या पंखांची खऱ्या मापाची आकृती रंगवली, तर हात पसरून तिच्यासमोर उभे राहिल्यावाचून कोणी पुढे जाणार नाही. माशांच्या कल्ल्यांत अडकणाऱ्या उभ्या जाळ्यांमध्ये दर वर्षी अंदाजे चार लाख पक्षी मरतात, आणि त्यांच्यासाठी मात्र इतका साधा उपाय अजून हाती आलेला नाही. तेही लपवू नका. प्रेक्षकाला अनुत्तरित प्रश्न सांगितला म्हणून त्याचा उत्साह मावळत नाही.

मला सर्वांत आवडणारे उदाहरण मात्र टाकीबाहेरचे आहे. आइसलँडच्या वेस्टमन बेटांवर पफिनची मोठी वसाहत आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पिल्ले रात्री बिळातून बाहेर पडून समुद्राकडे निघतात, पण गावातल्या दिव्यांनी गोंधळून रस्त्यांवर, बंदरात, गाड्यांखाली येऊन पडतात. गावातली मुले रात्री पुठ्ठ्याची खोकी घेऊन त्यांना शोधत फिरतात. २००३ पासून तेथील छोट्या मत्स्यालयाने या जुन्या रिवाजाला नोंदींची जोड दिली: मुलांनी पिल्लू आणायचे, ते तराजूवर ठेवून वजन लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी कड्यावरून वाऱ्यात उंच उडवून समुद्राकडे सोडायचे. पिल्लांच्या वजनावरून त्या वर्षी समुद्रात खाद्य किती होते याचा अंदाज येतो, आणि ज्या मुलाने हलके पिल्लू हातात धरले आहे, त्याला समुद्रातला दुष्काळ म्हणजे काय हे आलेखाशिवाय समजते. २०१९ पासून ही नोंद दुसऱ्या संस्थेकडे आहे, पण तिची मांडणी तीच राहिली. इथे जागृती हा कार्यक्रमाचा हेतू नव्हताच. काम होते, आणि कामातून जाणीव आली. तुमच्या दालनांच्या आखणीत हा क्रम उलटा असतो, असे मला वाटते.

मत्स्यालय पाहिल्याने लोक खरोखर बदलतात का, हा प्रश्न तुमच्या व्यवसायाला अडचणीचा आहे, हे मी जाणतो. २००७ मध्ये अमेरिकेतील प्राणिसंग्रहालये व मत्स्यालये यांच्या संघटनेने परिणाम चांगला होतो असा अहवाल दिला. २०१० मध्ये इतर अभ्यासकांनी त्याच्या पद्धतीतच गंभीर त्रुटी दाखवल्या. पुढे २०१५ मध्ये १९ देशांतील २६ संस्थांमधील साडेपाच हजारांहून अधिक प्रेक्षकांची पाहणी प्रसिद्ध झाली. भेटीपूर्वी जैवविविधतेची थोडीफार समज असलेले सुमारे ७० टक्के होते, भेटीनंतर ७५ टक्के; तिच्या रक्षणासाठी आपण काय करू शकतो हे सांगू शकणारे सुमारे ५१ वरून ५९ टक्के झाले. ही वाढ लहान आहे, पण खरी आहे, आणि त्यातला दुसरा आकडा मला अधिक मोलाचा वाटतो. कोणती गोष्ट सांगितल्याने तो वाढतो, हे तुम्ही आपापल्या दालनात मोजायला हवे. बाहेर पडताना भरून घेतलेल्या अर्जाने ते कळणार नाही. सहा महिन्यांनी त्याच माणसाला पुन्हा विचारावे लागेल.

पक्ष्यांना बंद जागेत ठेवण्याविषयी आक्षेप आहेत आणि त्यांतले काही रास्त आहेत. अपुऱ्या हवेत पेंग्विनना फुप्फुसाचा बुरशीजन्य आजार होतो, कठीण जमिनीवर सतत उभे राहून तळपायांना फोड येतात. ज्या मत्स्यालयाला हे टाळता येत नसेल, त्याने पेंग्विन ठेवू नयेत आणि जागृतीच्या नावाने त्याचे समर्थनही करू नये. रानातून पक्षी पकडून आणण्याचा तर प्रश्नच उद्भवू नये.

शेवटी तुमच्या स्वतःच्या घराविषयी. भेटवस्तूंच्या दुकानात फुगे विकत असाल, तर ते आजच बंद करा. गिळलेल्या फुग्याच्या तुकड्याने समुद्रपक्षी मरण्याची शक्यता कठीण प्लास्टिकच्या तुकड्यापेक्षा ३२ पट असल्याचे २०१९ च्या एका अभ्यासात आढळले आहे. उपाहारगृहात मासे असतील, तर ते कोणते, कुठले आणि कोणत्या पद्धतीने पकडलेले हे तिथेच लिहा. मॉन्टेरे बे मत्स्यालयाने १९९९ पासून कोणता मासा खावा आणि कोणता टाळावा याची यादी लोकांच्या हाती दिली आणि ती स्वतःच्या भिंतींच्या बाहेर कितीतरी दूर पोहोचली. आणि पेंग्विनना खाऊ घालताना जी बादली आणता, तिच्यातले मासे कोणत्या समुद्रातून, कोणत्या जाळ्याने आले, ते ध्वनिक्षेपकावर रोज सांगा. ज्या माशांच्या तुटवड्याने समुद्रातले पेंग्विन मरत आहेत, तेच मासे बादलीत असतील, तर ते सांगणे अवघड जाईल. तेव्हा मासे पुरवणाऱ्याला प्रश्न विचारणे तुम्हालाच भाग पडेल, आणि मोठ्या प्रमाणावर मासे घेणाऱ्या ग्राहकाचा प्रश्न तो कानाआड करू शकत नाही.

१९ जून हा जागतिक अल्बट्रॉस दिन असतो. ज्यांच्याकडे अल्बट्रॉस नाही अशा प्रत्येक मत्स्यालयाने येत्या १९ जूनला आपल्या प्रवेशद्वाराशी एक गळ आणि एक पट्ट्यांची दोरी मांडावी, शेजारी माहिती देणारा एक माणूस उभा करावा, आणि त्या दिवशी लोकांनी काय विचारले याची नोंद एकमेकांना पाठवावी, एवढी माझी पहिली विनंती मान्य करावी.

कळावे.

आपला,
मत्स्यालयांचा एक नियमित प्रेक्षक